किपलिंगचे मांजर आणि आमचे दार

मर्कंटाइल लॉ घेऊन बी.कॉम. झालेल्या माणसाने लहान मुलांच्या गोष्टी वाचू नयेत. इतरांना जिथे गंमत दिसते तिथे त्याला कलम दिसते. रड्यार्ड किपलिंगची एकट्याने हिंडणाऱ्या मांजराची गोष्ट ऐकत मुलांच्या कितीतरी पिढ्या झोपी गेल्या. मी ती वाचली आणि माझी झोप उडाली. कारण ही गोष्ट नव्हेच मुळी. हा सरळसरळ करारनामा आहे. घरात मांजर आणणाऱ्या प्रत्येकाने तो आधी नीट वाचायला हवा.

किपलिंगसाहेब तसे आपल्या मुंबईचे. जन्म ३० डिसेंबर १८६५ चा; वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. १९०७ साली साहेबांना नोबेल मिळाले. ही गोष्ट त्याआधीच्या, १९०२ सालच्या ‘जस्ट सो स्टोरीज’मधली. चित्रेही त्यांचीच. एका चित्रात शेपटी वर करून, झाडांच्या रांगांमधून पाठमोरा चाललेला बोका आहे. मांजर पाळणाऱ्याच्या पोटात गोळा उठावा असे चित्र!

मजकूर थोडक्यात असा. गुहेत एक बाई राहते. तिने रानटी पुरुषाला माणसाळवले आहे. (“इथपर्यंत गोष्ट अगदी खरी आहे हो,” इति आमची ही.) मग कुत्रा हाडकासाठी येतो, घोडा गवतासाठी येतो, पाठोपाठ गाय येते. बोक्याला मात्र नोकरी नको, नुसत्या सवलती हव्यात. बाई म्हणते, माझ्या तोंडून एकदा तुझी स्तुती निघाली तर गुहेत ये, दोनदा निघाली तर शेकोटीशी बस, तीनदा निघाली तर दिवसातून तीन वेळा दूध. साक्षीदार तीन : गुहेच्या तोंडावरचा पडदा, शेकोटी आणि दुधाची मडकी. बोका रडणारे बाळ शांत करतो, त्याला खेळवून निजवतो, उंदीर मारतो आणि तिन्ही सवलती पदरात पाडून घेतो.

आता हे १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टला लावून पाहा. प्रस्ताव आहे, स्वीकृती आहे, मोबदला आहे. पण कलमे पुन्हा वाचा. आत येण्याचे कलम आहे. बाहेर न जाण्याचे कुठेच नाही! आपणही तेच करतो. मांजराला दूध देतो, गादी देतो, आपली खुर्चीसुद्धा देतो आणि दार किलकिले होताच ते सटकले की “बेइमान जात!” म्हणून मोकळे होतो. अहो, घरात बसून राहण्याबद्दल वेगळे काय दिलेत? मोबदल्यावाचून केलेला करार रद्दबातल, हे कलम २५ आम्हाला घोकावे लागले. मांजर ते पोटातूनच शिकून येते.

किपलिंगची दुसरी थोर जाण म्हणजे करार बाईशी होतो. पुरुष उशिरा घरी येतो आणि स्वतःच्या अटी घालतो : उंदीर मारले नाहीस तर बूट, कुऱ्हाड, लाकूड, जे हाताला लागेल ते फेकून मारीन. परिणाम काय? बोका रात्र पडली की रानात. घरोघरी आजही हेच चालते. मांजर दाराकडे धावले की घरचा पुरुष ओरडतो, चप्पल उचलतो, आणि ज्या जिवाला नुसते डोकवायचे होते तो दोन जिने उतरून जातो.

इथवर साहेबांना पैकीच्या पैकी. पण ज्या वाक्यामुळे ही गोष्ट गाजली तिथेच माझा आक्षेप आहे. आपल्याला सगळ्या जागा सारख्याच, असे हा बोका ज्याला त्याला बजावत हिंडतो. साफ खोटे! जागेच्या बाबतीत मांजराइतका हट्टी प्राणी नाही. कपाट अर्धा हात सरकवा, दोन दिवस ते त्याच्याकडे संशयाने पाहते. कोपऱ्याकोपऱ्याला गाल घासून आपला वास लावते, म्हणजे आमच्या भाषेत दस्तऐवजावर शिक्का मारते. दाराबाहेर जाते ते पळून जायला नव्हे, हद्दीची पाहणी करायला. हद्द संपली आणि मागे दार लागले की ते घाबरते, जवळच्याच अंधाऱ्या सांदीत शिरते आणि हाक मारली तरी ‘ओ’ देत नाही.

हा वाङ्मयीन मुद्दा वाटत असेल तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारा. त्यांची मनी निसटली तेव्हा बिल्डिंगमधले सगळे जाणकार म्हणाले, “मांजराला काय, सगळं जग घर! येईल आपणहून.” काही उत्साही मंडळी स्टेशनपर्यंत शोधून आली. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या रात्री, सामसूम झाल्यावर, आमची ही टॉर्च आणि सुकटीची वाटी घेऊन खाली गेली. मनी जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे होती. आजींच्या दारापासून मोजून वीस पावलांवर.

दुसरा आक्षेप असा की साहेबांच्या गुहेला तिसरा मजला नव्हता. “मांजर काय, चार पायांवर पडतं,” असे म्हणणारे लोक न्यूयॉर्कच्या एका अहवालाचा दाखला देतात. १९८७ साली छापलेल्या त्या अहवालात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा हिशेब आहे आणि उपचार झालेल्यांपैकी शेकडा नव्वद जगली, असे म्हटले आहे. आकडा खरा, पण मी पडलो बँकेतला माणूस. जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार? भरलाच नाही तो चेक पासबुकात कसा दिसेल? आणि जी जगली त्यांच्यातही कुणाची छाती दुखावलेली, कुणाचा जबडा मोडलेला, कुणाचा पाय.

तेव्हा आमच्या घरी कराराचा सुधारित मसुदा झाला. शब्द हिचे, साक्षीदार मी. कलम एक : खिडकीला पक्की ताणलेली जाळी आणि जाळीच्या आत बसायला फळी, म्हणजे बाहेरचे जग दिसेल, पण हाती लागणार नाही. कलम दोन : मांजराच्या अंगात वारे शिरते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून संध्याकाळी माणसे घरी परतण्याच्या सुमाराला दहा मिनिटे दोरीचा खेळ, आणि लगेच जेवण. तेही दारापासून सर्वांत लांब, स्वयंपाकघरात. कलम तीन : बाहेरचे जाळीचे दार लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही. कलम चार : दारात लाड बंद. घरी आल्या आल्या उंबऱ्यावरच कुरवाळले की लाड दारातच मिळतात असे ते समजते. कलम पाच : डॉक्टरांकडून नसबंदी, म्हणजे रानाची ओढ पुष्कळ कमी होते.

पाचही कलमांत मांजरावर एकही बंधन नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. सगळी माणसांवर आहेत. मी हे निदर्शनास आणले तेव्हा ही म्हणाली, “अहो, वाचता येतं ते आपल्याला ना?” किपलिंगसाहेबांच्या बाईला हे सुचले असते तर गोष्ट तिथेच आटोपली असती आणि जग एका सुंदर पुस्तकाच्या सर्वांत सुंदर भागाला मुकले असते.

म्हणून म्हणतो, ही गोष्ट मुलांना जरूर वाचून दाखवा. फक्त पुस्तक उघडण्यापूर्वी बाहेरचे दार लागले आहे ना, तेवढे पाहा.