अंगमारचा मायावी राजा : भाकीत कादंबरीतले आणि पडद्यावरचे

माझ्या भाचीने विचारलेल्या एका प्रश्नातून हा लेख निघाला. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी पीटर जॅक्सनचा ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (2003) पुन्हा एकदा पाहिला. पेलेनॉरच्या रणांगणावर नऊ मुद्रापिशाच्चांचा म्होरक्या, अंगमारचा मायावी राजा, एओविनचा गळा धरतो आणि कुठलाही पुरुष आपल्याला मारू शकत नाही असे बजावतो. एओविन शिरस्त्राण काढते, आपण पुरुष नाही एवढेच सांगते आणि तलवार त्याच्या चेहऱ्याच्या पोकळीत खुपसते. भाचीने टाळ्या वाजवल्या. मग थांबून ती म्हणाली, “मामा, मग दुसऱ्या कुठल्याही बाईने मारलं असतं तरी तो मेला असता?”

चित्रपटापुरते या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागते. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या कादंबरीत मात्र ते निःसंशय ‘नाही’ असे आहे. एकच खलनायक, एकच रणांगण, मारणारे हात तेच. तरी उत्तर उलटे का व्हावे, याचा शोध घेताना मला जे सापडले ते येथे मांडतो.

आधी भाकिताच्या जन्मकथेकडे जाऊ. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात ती आहे, आणि परिशिष्टे वाचणारे वाचक थोडेच. टोल्कीन यांच्या कालगणनेनुसार तिसऱ्या युगाच्या 1975 साली फोर्नोस्टच्या लढाईत अंगमारच्या राजाचा मोड झाला. गोंडोरचा सेनापती एआर्नूर त्याला सामोरा गेला; पण घोडा बुजला आणि स्वाराला घेऊन उधळला. राजा त्याला हसला. इतक्यात एल्फ सरदार ग्लोरफिंडेल पुढे आला, तेव्हा तो राजाच अंधारात पळून गेला. चिडलेला एआर्नूर पाठलागाला निघाला, त्याला ग्लोरफिंडेलने अडवले. याचा अंत अजून दूर आहे आणि तो ‘मॅन’च्या हातून व्हायचा नाही, असे त्याने सांगितले. (हा इंग्रजी शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

हे सांगितले कोणी आणि कोणाला, हे पाहिले पाहिजे. खलनायकाच्या हितचिंतकाने दिलेले हे अभय नाही. पुढचे थोडेफार दिसणाऱ्या एका शत्रूने, अपमानाने पेटलेल्या एका तरुणाचा जीव वाचावा म्हणून काढलेले हे उद्गार आहेत. ‘असे होणार नाही’ एवढेच तो सांगतो. ‘असे होऊ शकत नाही’ हे तो म्हणत नाही. तरी सल्ला वाया गेला. 2043 मध्ये एआर्नूर गादीवर आला तेव्हा मिनास मोर्गुलमधून द्वंद्वाचे आव्हान आले, सोबत रणातून पळाल्याचा टोमणा. त्या वेळी कारभाऱ्याने त्याला आवरले. 2050 मध्ये दुसरे आव्हान आल्यावर तो मोजके सरदार घेऊन गेला तो परतलाच नाही. गोंडोरची गादी रिकामी राहिली ती थेट ॲरागॉर्न येईपर्यंत. म्हणजे भाकिताचा पहिला परिणाम खलनायकावर नाही, एका गर्विष्ठ माणसाच्या घराण्यावर झाला.

मूळ कथानकात हे भाकीत गँडाल्फच्या तोंडून एकदा येते, तेही ‘जुने बोल खरे असतील तर’ अशा सावध सुरात, आणि याचा अंत कसा होणार हे ज्ञानी लोकांनाही ठाऊक नाही अशी पुस्ती जोडून. चित्रपटातही गँडाल्फच पिपिनला हे सांगतो. पण तिथे वाक्याचा काळ बदलतो. कोणताही जिवंत पुरुष ज्याला मारू शकत नाही असा तो, अशी ओळख करून दिली जाते. भविष्याचे रूपांतर गुणधर्मात झाले. जणू राजाच्या अंगावर अदृश्य चिलखत आहे आणि त्याला एकच फट आहे.

हे चिलखत आपल्या फार ओळखीचे आहे. आपल्या पुराणांत त्याला वर म्हणतात. हिरण्यकशिपूने घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको अशी करारपत्रासारखी कलमे लिहून घेतली. रावणाने देव-दानवांपासून अभय मागितले आणि नर-वानरांना तुच्छ मानून वगळले. महिषासुराने स्त्रीला मोजलेच नाही. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच्या रूपात उभी आहे ती त्या विसराची आठवण देत. वर खलनायक स्वतः मागून घेतो, म्हणून त्याची भाषा कायद्याची असते, आणि कायद्यात पळवाट असतेच. श्रोत्याला गंमत वाटते ती पळवाट कुठून निघते याची. भविष्याचे तसे नाही. ते कुणी मागितलेले नसते, आणि त्यात कलमे नसतात.

या दोहोंच्या मध्ये शेक्सपिअरचा मॅक्बेथ उभा आहे. शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’पासून शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’पर्यंत तो मराठी रंगभूमीवर पुन्हा पुन्हा आला आहे. मॅक्बेथला मिळते ते भविष्य, पण तो ते वरासारखे वापरतो. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करणार नाही, असे ऐकल्यावर त्याला तो अभयलेख वाटतो. मग मॅकडफ सांगतो की आपण जन्मलो नव्हतो, पोट फाडून काढले गेलो होतो. खरे सांगायचे तर मला ही उकल नेहमीच वकिली वाटत आली आहे. टोल्कीन यांचेही या नाटकाशी जुने भांडण होते. बर्नमचे जंगल डन्सिनेनवर चालून येते ते सैनिकांनी हातात धरलेल्या फांद्यांच्या रूपात, याने शाळकरी वयात आपली घोर निराशा झाली आणि झाडे खरोखर युद्धावर निघतील असे काही रचावे असे वाटले, असे त्यांनी 1955 मध्ये कवी ऑडेनला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. ती हौस त्यांनी एंट या वृक्षरूपी जीवांकडून फेडून घेतली. एओविनचा प्रसंग म्हणजे त्याच भांडणाचा दुसरा डाव, असे मी मानतो. हा अर्थात माझा तर्क.

आता रणांगण. कादंबरीत राजा बढाई मारतो ती झुंजीच्या आधी. डर्नहेल्म नावाचा तरुण स्वार हसतो आणि आपण एओविन, एओमुंडची मुलगी, असे सांगतो. पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही हे तेव्हाच कळते. राजा उत्तर देत नाही. त्याला शंका चाटून जाते. हजार वर्षांपूर्वीचे ते बोल त्याने ढालीसारखे मिरवले होते. त्यांचा अर्थ आपल्याला कळलाच नव्हता की काय, हा तो क्षण. त्यानंतरच खरी झुंज होते. ती त्याचे उडते जनावर मारते, तो तिची ढाल आणि हात मोडतो. म्हणजे ती स्त्री आहे हे उघड झाल्यावरही तो तिला जवळजवळ मारतोच! स्त्री असणे म्हणजे काही किल्ली नव्हे. चित्रपटाने हा क्रम उलटवला. तिथे ओळख शेवटी येते, घाव घालताना, आणि फक्त नकारात येते. कादंबरीतली एओविन आपण कोणाची कोण हे सांगते आणि पडलेल्या थेओडेनमामाच्या आड उभी राहते. राजाच्या शंकेला चित्रपटात वेळच उरत नाही.

तिला वाचवतो तो मेरी, म्हणजे मेरियाडॉक ब्रँडीबक, जेमतेम कमरेएवढा हॉबिट. तिच्यासारखीच त्यालाही मागे राहण्याची आज्ञा झालेली असते. तो मागून राजाच्या गुडघ्याच्या शिरेत पाते खुपसतो. हे चित्रपटातही आहे. नाही ते त्या पात्याचे कुळ. कादंबरीच्या पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात हॉबिट एका प्राचीन थडग्यात अडकतात. टॉम बॉम्बाडिल त्यांना सोडवतो आणि तिथल्या ठेव्यातली चार पाती देतो. अंगमारच्या दुष्ट राजाशी लढता लढता संपलेल्या लोकांनी ती घडवलेली होती. पुढे ऑर्क ती पाती लुटीतही ठेवत नाहीत, टाकून देतात. ॲरागॉर्न ती उचलून मेरी-पिपिनला परत करतो. आणि पाचव्या भागात त्यातलेच एक पाते राजाच्या अदृश्य स्नायूंना त्याच्या इच्छेशी बांधणारा मंत्र तोडते. दुसऱ्या कुठल्याही पात्याने, ते कितीही बलवान हातात असते तरी, असा घाव झाला नसता, असे निवेदक स्पष्ट सांगतो. म्हणून भाचीच्या प्रश्नाला ‘नाही’.

मग भाकितातला ‘मॅन’ कोण? मराठीत सांगू लागलो की पंचाईत होते. ‘माणूस’ म्हणावे तर आपल्याकडे बाईमाणूसही माणूसच. एओविन त्यात सापडते. ‘पुरुष’ म्हणावे तर मेरी हॉबिट असला तरी पुरुषच आहे, त्याचा घाव बाद. इंग्रजी शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि टोल्कीन यांना दोन्ही हवे होते : एओविन पुरुष नाही, मेरी मानववंशाचा मानला जात नाही. एकेका हाताला एकेक अर्थ लागतो. आपला जुना ‘नर’ तेवढा दोन्ही पेलतो, नर-नारीतला आणि नर-वानरातला. चित्रपटाला एकच अर्थ पुरला, म्हणून त्याला मेरीही निम्माच पुरला.

चित्रपटावर मला राग नाही. बॉम्बाडिल आणि ती थडगी गाळल्यावर पात्याची कुळकथा सांगायला जागाच नव्हती; तिथे हॉबिटांना तलवारी ॲरागॉर्न देतो, वेदरटॉपवर, इतिहासाशिवाय. शिवाय काळोख्या चित्रपटगृहात शिरस्त्राण निघते आणि केस मोकळे होतात, तेव्हा जे होते ते छापील पानावर होत नाही, हे कबूल करायला हवे. पण एका गोष्टीची चुटपुट मात्र राहते. पाते वितळून गेल्यावर निवेदक क्षणभर थांबतो आणि कैक शतकांपूर्वी ते सावकाश घडवणाऱ्याची आठवण काढतो : त्याला हे कळते तर किती आनंद झाला असता. म्हणजे राजाला पाडणारा तिसरा हातही आहे, आणि तो चक्क ‘मॅन’चा, पुरुषाचा आणि मानवाचाही. भाकीत तरी खोटे ठरत नाही, कारण तो हात केव्हाच मातीत गेला होता. राजाने आपल्या बढाईत ‘जिवंत’ हा शब्द घातला होता, तो त्याच्यावर असा दुसऱ्या बाजूनेही उलटला.

हे सगळे मी भाचीला सांगितले. एओविनचे तिला पटले, मेरीचेही पटले. मग तिने त्या कारागिराचे नाव विचारले. ते टोल्कीन यांनी दिलेले नाही.