हिरोडोटसाची साक्ष आणि सिथियनांचा भाता

काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन घोडेस्वारांचा हिरोडोटसाने दिलेला वृत्तांत कित्येकांनीं भाकडकथा म्हणून बाजूस सारला आहे. (पारशीक लोक सर्व सिथियनांस शक म्हणत, असें तोच लिहितो, हें नांव आमच्या वाचकांस परकें नाहीं.) हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

मृत शत्रूच्या उजव्या हाताचें कातडें नखांसकट सोलून पुष्कळ सिथियन आपल्या भात्यांस आच्छादन करीत, असें त्याच्या चौथ्या खंडांत आहे. २०२३ सालीं दक्षिण युक्रेनमधील १४ स्थळांच्या १८ दफनांत मिळालेल्या चामड्याच्या ४५ नमुन्यांची प्रथिनपरीक्षा प्रसिद्ध झाली. बहुतेक चामडें मेंढी, बकरी, गाय, घोडा यांचें निघालें; दोन तुकडे मात्र माणसाच्या कातड्याचे ठरले, आणि तेही भात्याच्या वरच्या भागाचे. प्रथा खरी होती, हें आतां नाकारतां येत नाहीं. "पुष्कळ" या शब्दास मात्र इतक्यानें आधार मिळत नाहीं, आणि कातडें उजव्या हाताचें कीं अन्य अवयवाचें, याविषयीं प्रथिनें मूक आहेत.

गांजाच्या धुरीस तो तीन काठ्या, त्यांवर नमदा व आंत तापलेले दगड सांगतो. अल्ताई पर्वतांतील पाझिरिकच्या दुसऱ्या थडग्यांत रुडेन्को यांस दगड व गांजाचें बीं असलेलें कांस्यपात्र मिळालें. काठ्या तीन नव्हे, सहा होत्या. शिवाय अल्ताई काळ्या समुद्रापासून फार दूर. ही साक्ष सिथियनांच्या भाऊबंदांची समजावी, खुद्द सिथियनांची नव्हे.