जिल्दीच्या आतले तिलिस्म

बीड, अंबाजोगाई, धारूर, माजलगाव, गेवराई या गावांतल्या जुन्या मुस्लिम घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी एखादे जाडजूड, कापडी किंवा कातडी पाठीचे उर्दू पुस्तक अजूनही निघते. पहिली चार-सहा पाने गेलेली असतात, कडा कसरीने खाल्लेल्या असतात आणि घरातल्या नव्या पिढीला लिपी येत नसते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर उजवीकडून डावीकडे लिहिलेले आहे म्हणजे दीनी किताबच असणार, असे समजून ते जुजदानात गुंडाळून कोनाड्यात उंच ठेवले जाते. नाहीतर ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. जुजदानातले असे एक पुस्तक मी उघडून पाहिले आहे. आत जादूगारांचा बादशहा अफरासियाब दरबार भरवून बसला होता. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा खंड होता तो. घरच्यांनी दोन पिढ्या त्याला वुजू करूनच हात लावला होता!

अलीकडे या दोन वाटांत तिसरी वाट सामील झाली आहे, ती संग्राहकाची. त्याला जुनी छपाई हवी असते, मूळ जिल्द हवी असते, पाठीवर सोनेरी अक्षरांची खूण उरली असेल तर फारच उत्तम. तो पुस्तक हातात घेतो, वास घेतो, जिल्दीवर बोट फिरवतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. हा नाद वाईट नाही. रद्दीच्या तराजूपेक्षा काचेचे कपाट केव्हाही बरे. पण या संग्रहाचे वाङ्मयीन मोल काय, हे एकदा विचारायला हवे. ज्याला आतले एक पानही वाचता येत नाही त्याच्या घरी होशरुबाचे फक्त जुजदान बदलते, कापडाऐवजी काच येते.

हे पुस्तक आपल्याकडे आले कसे? मुन्शी नवलकिशोर (१८३६–१८९५) यांनी १८५८ मध्ये लखनौला छापखाना काढला. कुरआन शरीफपासून फारसी दिवाणांपर्यंत सारे काही या हिंदू गृहस्थाच्या छापखान्यातून बाहेर पडत होते. त्यांनी लखनौचे नामवंत दास्तानगो पदरी ठेवले आणि दास्तान-ए-अमीर हमजा सांगितली जात होती तशी, पूर्ण विस्ताराने कागदावर उतरवून घेतली. मुहम्मद हुसेन जाह यांचा होशरुबाचा पहिला खंड १८८३ मध्ये निघाला. चार खंड झाल्यावर जाह यांचे छापखान्याशी बिनसले आणि पुढचे काम अहमद हुसेन कमर यांच्याकडे गेले. कमर आणि तसद्दुक हुसेन यांनी मिळून हमजाचे सारे चक्र वाढवत वाढवत ४६ खंडांपर्यंत नेले. एकेक खंड सरासरी ९०० पानांचा, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक पाने. आपल्याकडे ‘अठरा पर्वे’ म्हटले की माणूस दमतो, इथे तर ४६ आहेत. खिळे जुळवून केलेली छपाई ही नव्हे, शिळाप्रेसची आहे. कातिबाने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्याचे ठसे घेतले जात. म्हणून छापील असूनही प्रत्येक पान कुणाच्या तरी हस्ताक्षरात असते.

१८८० च्या दशकातच निजामाच्या राज्यात फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली. कचेरीतला कारकून, तहसीलदार, मदरशातला मास्तर, मोमिनाबादच्या छावणीतला शिपाई, सगळ्यांना उर्दूशी काम पडू लागले. (मोमिनाबाद म्हणजे आजची अंबाजोगाई, हे नव्या वाचकांसाठी.) १९०० मध्ये मनमाड–सिकंदराबाद रेल्वे जालना, परभणीवरून सुरू झाली आणि उत्तरेचा माल मराठवाड्यात उतरू लागला. बीड शहराला मात्र रेल्वे मिळाली २०२५ मध्ये. लखनौचे जादूगार जालन्यापर्यंत आगगाडीने आले असतील, पुढे बीडपर्यंत मात्र बैलगाडीनेच.

१९४८ नंतर आणि पुढे १९५६, १९६० नंतर कचेरीची भाषा बदलली. आपली पिढी मराठीत शिकली, मराठीत लिहू लागली आणि त्यातून मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली. ते आपले मोठे मिळवलेपण आहे, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण पेटी आपल्या घरात राहिली आणि किल्ली हरवली, हेही खरे आहे.

आता संग्रहाकडे वळू. जुनी आवृत्ती कशासाठी जपायची? याचे सर्वांत नेमके उदाहरण इंग्रजीतले आहे. टॉल्किनचे ‘द हॉबिट’ सप्टेंबर १९३७ मध्ये निघाले, पहिली आवृत्ती अवघी १५०० प्रतींची. आज तिच्या वेष्टनासह असलेल्या प्रतीसाठी संग्राहक वाटेल तेवढे मोजतात. पण त्या प्रतीत एक गोष्ट अशी आहे जी पुढच्या प्रतींत नाही. पहिल्या आवृत्तीत गॉलम आपली अंगठी कोड्यांच्या पैजेवर स्वखुशीने लावतो. पुढच्या मोठ्या कादंबरीशी जुळावे म्हणून लेखकाने तो प्रसंग बदलला आणि १९५१ च्या आवृत्तीपासून गॉलम कडवट, सूडाने पेटलेला झाला. पहिली प्रत हाती नसेल तर हा बदल कळणारच नाही. त्या प्रतीचे मोल इथे आहे, आणि तेवढ्यापुरते ते वाजवी आहे.

आपल्या घरचे उदाहरण याहून बोचरे आहे. हमजाच्या दास्तानीची एका खंडातली जी उर्दू आवृत्ती घरोघर गेली ती अब्दुल्ला बिलग्रामी यांच्या नावाने, नवलकिशोर छापखान्याने १८७१ मध्ये काढलेली. शंभर वर्षांहून अधिक काळ तेच तिचे लेखक मानले गेले. पण त्याआधी १८५५ मध्ये कलकत्त्याला गालिब लखनवी यांची आवृत्ती छापली गेली होती. (हे मिर्झा गालिब नव्हेत.) तिच्या प्रती जवळजवळ नाहीशा झाल्या. अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसले की बिलग्रामींनी मूळ मजकूर घेऊन त्यावर अलंकारांचा आणि शेरांचा मुलामा चढवला होता आणि मूळ लेखकाचे नाव मात्र घेतले नव्हते. मुशर्रफ अली फारुकी यांनी २००७ मध्ये या दास्तानीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा दोघांची नावे दिली. एका माणसाचे लेखकपण एका दुर्मिळ प्रतीने परत मिळवून दिले. ती प्रत कुणा शौकिनाच्या कपाटात न उघडता पडली असती तर?

उलट दिशेचे उदाहरणही हमजाचेच आहे. अकबराच्या चित्रशाळेत हमजानाम्याची सुमारे १४०० चित्रे झाली, मोठाली, कापडावर. आज दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. लंडनच्या संग्रहालयासाठी खरेदी करणाऱ्या पर्डन क्लार्क या गृहस्थाला १८८१ मध्ये श्रीनगरमध्ये त्यातली काही सापडली, ती एका दुकानाच्या खिडक्यांना वारा अडवण्यासाठी लावलेली होती. या चित्रांच्या पाठीवर कथेचा मजकूर आहे. चित्र श्रोत्यांकडे आणि अक्षरे कथकाकडे, अशी ती योजना असावी असे मानले जाते. संग्रहालयाच्या भिंतीवर चौकट चढली की चित्र दिसते आणि मजकूर भिंतीकडे जातो. संग्राहकाच्या दृष्टीचे याहून चांगले रूपक मला सुचत नाही.

संग्राहक कसा असावा, हे शम्सुर्रहमान फारुकी (निधन २०२०) यांनी दाखवून दिले. ४६ खंडांचा पूर्ण संच कुठल्याच ग्रंथालयात धड मिळत नव्हता. त्यांनी एकेक खंड शोधत संच पुरा केला आणि, महत्त्वाचे म्हणजे, तो वाचला. मग १९९९ पासून ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’ हा ग्रंथ खंडशः लिहिला. दास्तान म्हणजे फसलेली कादंबरी नव्हे, ती सांगण्याची कला आहे आणि तिला तिच्याच नियमांनी मोजले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे त्या वाचनातून आले. त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी २००५ पासून दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली तीही याच खंडांच्या आधारावर. कपाटातून पुस्तक, पुस्तकातून समीक्षा, समीक्षेतून पुन्हा आवाज!

दास्तानीला कमी लेखणारे केवळ परके नव्हते. डिप्टी नजीर अहमद यांच्या १८७० च्या दशकातल्या ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत सुधारलेला बाप आपल्या थोरल्या मुलाची पुस्तके जाळतो, त्यात शायरी आणि किस्से दोन्ही जातात. कादंबरी प्रबोधनाची आहे, सरकारी बक्षीसही मिळवलेली. मला मात्र त्या जळणाऱ्या पुस्तकांपाशीच थांबावेसे वाटते. मराठीतही तसेच घडले. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुताच्या कादंबऱ्या लोकांनी आवडीने वाचल्या. हरिभाऊ आपटे आल्यानंतर समीक्षेने त्यांना पोरखेळाच्या फळीवर टाकले. आणि त्यांच्या आसपासच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत मुरत होत्या. विष्णुशास्त्रींचाही त्या कामाला हात लागला. ‘सुरस आणि चमत्कारिक’ हा शब्दप्रयोग आज मराठी माणूस थट्टेने वापरतो, पण तो आला या पुस्तकाच्या नावावरून. हातिमताई, गुलबकावली मराठीत आल्या त्याही याच दरवाजाने. मराठी अद्भुतकथेच्या पायात आपल्या आजोबांच्या पेटीतल्या किश्शांची वीट आहे, हे आपण किती वेळा सांगतो?

गौरी देशपांडे यांनी बर्टनची अरेबियन नाइट्स १६ खंडांत मराठीत आणली, कुठेही सोवळेपणा न करता. एवढे मोठे काम एका लेखिकेने केले. त्या संचासाठी आज जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी होते आणि ती रास्त आहे. होशरुबा मात्र मराठीत पूर्ण आलेला नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही घरात असलेला समाज आपलाच आहे. मग हे काम दुसऱ्या कुणी करावे, ही अपेक्षा कशी धरायची?

होशरुबा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. वर्णने पुन्हा पुन्हा येतात, लढाया एकमेकींसारख्या वाटतात. हरलेल्या जादूगाराने दीन स्वीकारावा नाहीतर मरावे, हा तिथला ठरीव शेवट आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकलाच पाहिजे. कोण कुणाचा धर्म कसा बदलतो यावरून ज्या देशात माणसे मारली जातात तिथे हे पान डोळे मिटून उलटता येत नाही. जुने आणि आपले म्हणून त्याचे समर्थन करू नये, वाचून वाद घालावा. पण त्याच पुस्तकात अमर अय्यार आहे. किडकिडीत, कंजूष, सोंगाड्या, शहजाद्यांच्या तलवारी जिथे चालत नाहीत तिथे युक्तीने वाट काढणारा. त्याच्या जंबील नावाच्या पिशवीत सारी दुनिया मावते आणि ती कधी भरत नाही. खरा नायक हाच गरीब माणूस आहे. आणि अफरासियाबाविरुद्ध बंडाचे सैन्य उभे करते ती महरुख, एक स्त्री. त्याच्या बेगमेची सख्खी बहीण बहार फुटून तिला येऊन मिळते. शत्रूकडचा अय्यारांचा ताफाही स्त्रियांचाच. १८८३ मध्ये छापलेल्या पुस्तकात स्त्रियांनी चालवलेले इतके राजकारण मराठीतल्या त्या काळच्या अद्भुत कादंबरीत शोधून पाहावे.

आता रेख्ताच्या संकेतस्थळावर जुन्या उर्दू पुस्तकांची पानेच्या पाने मोफत पाहता येतात, तेव्हा पेटीतल्या प्रतीचे काय करायचे, असे कुणी विचारील. लिपी येत नसेल तर मोबाइलवरचे पानही पेटीतल्या पानाइतकेच बंद आहे. नस्तालीक वाचायला सहा महिन्यांची संध्याकाळची शिकवणी पुरते, त्यासाठी ४६ खंडांचा पराक्रम लागत नाही. आणि प्रत्येक घरची प्रत वेगळी असते. कोऱ्या पानावर मालकाचे नाव, विकत घेतल्याचे गाव, कुणाच्या तरी जन्माची तारीख, धोब्याचा हिशेब, समासात एखाद्या वाचकाने मारलेला शेरा. मराठवाड्यात कोण काय वाचत होते याचा एवढा पुरावा दुसरीकडे कुठे शिल्लक आहे? जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला तेव्हा बीडमध्ये काठावरच्या वस्तीतून माणसे गेली, घरे गेली. त्या दिवसांत पुस्तकांचा हिशेब कोण ठेवणार? हैदराबादेत अब्दुस्समद खान यांनी आयुष्यभर जमवलेला उर्दू पुस्तकांचा संग्रह शिकागो विद्यापीठाच्या मदतीने वाचवला गेला. ऑगस्ट २००० च्या पुरात तोही पाण्यात सापडला आणि पान-पान वाळवून पुन्हा उभा करावा लागला. तिथे यादी होती, म्हणून काय भिजले ते कळले. आपल्याकडे यादीच नाही.

म्हणून पेटी उघडणाऱ्यांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पहिले पान गेले असले तरी शेवटचे पान पाहा. छापखान्याचे नाव, साल आणि पुष्कळदा कातिबाचे नावही तिथे असते. साल हिजरीत असेल तर तसेच उतरवून घ्या. आणि नवी जिल्द बांधायला देताना जिल्दसाजाला बजावून सांगा की कडा कापू नकोस आणि जुनी कोरी पाने फेकू नकोस. पुस्तक चौकोनी, सुबक दिसावे म्हणून तो तिन्ही बाजूंनी बोटभर कागद उडवतो आणि समासातला वाचक कात्रणाच्या ढिगात जातो.