‘आणखी’च्या आड ठेवलेला मराठी कोश

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी ॲड-ऑनच्या साइटवर काय बोलायचे, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. तर असे पाहा, जिथे माणसाला विश्वास ठेवायला सांगतात, काहीतरी मान्य करायला लावतात आणि वस्तूंची वर्गवारी मांडून दाखवतात, तिथे आमचे काम निघतेच. फायरफॉक्सच्या ॲड-ऑनच्या साइटवर या तिन्ही गोष्टी होतात. म्हणून आज तिचेच परीक्षण करू.

फायरफॉक्स १.० हा मोझिलाचा ब्राउझर २००४ च्या नोव्हेंबरात आला. मूळ ब्राउझर आटोपशीर ठेवायचा आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून बसवून घ्यायचे, ही त्याची रीत. वरून बसवायचा भाग म्हणजे ॲड-ऑन. कोणी जाहिराती अडवणारा बसवतो, कोणी पानाचा रंग बदलणारा. आपल्याला आज हवा आहे तो मराठी शुद्धलेखनाचा कोश.

हा कोश म्हणजे नुसती शब्दांची यादी नसते. हंगेरियन भाषेसाठी घडवलेली हन्स्पेल नावाची यंत्रणा त्यामागे आहे. एका फाइलमध्ये मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. आपल्या मराठीला ते सोयीचेच, कारण एका ‘घर’चे घराला, घरातून, घरासमोरच्या असे किती अवतार! सगळे यादीत कोंबायचे म्हटले तर यादी संपायची नाही. हे किचकट काम लोकांनी केले आणि फुकट ठेवले. प्रश्न पुढचा आहे, तो सटाण्याच्या माणसाला सापडतो का?

साइट उघडा. वरच्या पट्टीत एक्स्टेन्शन्स, थीम्स आणि मग ‘आणखी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. शब्दकोश आणि भाषासंच त्या ‘आणखी’च्या पोटात! ब्राउझरला फुलाफुलांचे रूप देणारी थीम दर्शनी भागात आणि माणसाची भाषा मागच्या खोलीत. ज्याने मांडणी केली त्याला इंग्रजी कोश आयताच मिळालेला असतो, त्यामुळे भाषा ही त्याला किरकोळ सोय वाटली असावी. आपल्याकडे घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बटणावर इंग्रजी. इथे भाषा हीच पहिली गरज आहे.

आता आत शिरलो असे धरू. तिथे दोन वस्तू शेजारी-शेजारी दिसतात. भाषासंच ब्राउझरचे मेनू मराठीत आणतो. शब्दकोश आपण लिहिलेले तपासतो. मराठी टायपिंगचा कीबोर्ड या दोहोंत नाहीच, तो संगणकाच्या सेटिंगमध्ये. नवख्या माणसाला ‘मराठी’ हवे असते. तो भाषासंच बसवतो आणि ‘मराठी टाइप का होत नाही?’ म्हणून बसून राहतो. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात अशा घोटाळ्याला कोटी-प्रमाद म्हटले आहे. त्यांचा पाहुणा सगळी महाविद्यालये, ग्रंथालये पाहून झाल्यावर विचारतो, विद्यापीठ कुठे आहे? राइल यांच्या पाहुण्याची समजूत चुकलेली होती. आपल्या माणसाला मात्र मांडणीनेच चकवले. ‘वाचण्यासाठी’, ‘तपासण्यासाठी’, ‘टाइप करण्यासाठी’ असे कामावरून तीन रकाने केले असते तर हा प्रश्नच उरला नसता.

मग येतो विश्वास. बऱ्याच ॲड-ऑनच्या पानावर सूचना असते, की मोझिला याच्या सुरक्षिततेवर सतत लक्ष ठेवत नाही, बसवण्याआधी विश्वास आहे ना ते तुम्हीच पाहा. सूचना प्रामाणिक आहे, पण पाहायचे कसे? न्यायदर्शनात आप्ताचा शब्द प्रमाण मानला आहे. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पाच चांदण्या देणारा अनोळखी माणूस या कसोटीला उतरतो का? त्याने मराठी लिहून पाहिले की नुसते बटण दाबले, हे चांदणी सांगत नाही. २०१९ पासून मोझिला काही एक्स्टेन्शनांना पारखून ‘शिफारस’ देते, ते चांगलेच. पण कोशाची पारख मराठी जाणणाऱ्यानेच करायला हवी.

संमतीचेही तसेच. अनेक एक्स्टेन्शन सर्व साइटवरील तुमची माहिती पाहण्याची परवानगी मागतात. जाहिरात अडवणाऱ्याला ती लागते, कारण पान वाचल्याशिवाय जाहिरात ओळखणार कशी? पण हे कारण तिथे लिहिलेले नसते. कारण न कळता दाबलेल्या ‘होय’ला आम्ही संमती म्हणणार नाही. उलट कोशात नियम आणि शब्द असतात, पाळत ठेवणारे काही नसते, ही धीराची गोष्टही मोठ्याने सांगितली जात नाही.

कोणी म्हणेल, फुकट मिळते, वर तक्रार कसली? देवमामलेदारांच्या गावात हा प्रश्न विचारू नये. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी तिजोरी लोकांसाठी उघडली, असे आपण ऐकत आलो. पैसा तिजोरीत आधीही होताच. लोकांच्या हाती पडला तेव्हा माणसे जगली.

इथे पणाला काय लागले आहे तेही बघा. इंग्रजी कोश चालू असला की अस्सल मराठी वाक्याखालीही अनेकदा लाल रेघा उमटतात. दहावीतली मुलगी त्या पाहते आणि तिला वाटते आपलेच मराठी चुकले. मग ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागते. उपाय तयार असून ही पाळी यावी, हे आम्हाला खटकते.

सुधारणा मोठ्या नाहीत. ‘शब्दकोश’ पहिल्या पट्टीत आणा. बसवून झाल्यावर पुढची पायरी दाखवा, म्हणजे लिहिण्याच्या चौकटीत उजवे बटण दाबून भाषांच्या यादीतून मराठी निवडा. आज ही पायरी कोणीतरी सांगावी लागते. परवानगीशेजारी तिचे कारण लिहा.

आणि काही काम आपलेही आहे. त्या साइटवर ॲड-ऑनचे वर्णन अनेक भाषांत देता येते, खाते उघडून अभिप्रायही लिहिता येतो. इथल्या मराठीच्या शिक्षकांनी कोश आठवडाभर वापरावा, कोणते शब्द चुकीचे ठरवले त्याची यादी करावी, आणि चांदण्यांसोबत ती मराठीत लिहावी. पुढे येणाऱ्याला निदान एक आप्त भेटेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.