रिव्हेराने रॉकफेलरच्या हातात दारू का दिली?

दिएगो रिव्हेराच्या रॉकफेलर सेंटरमधल्या भित्तिचित्राची गोष्ट नेहमी एकाच चालीत सांगितली जाते: शूर चित्रकार, भित्रा धनिक. १९३३ साली त्याने चित्रात लेनिनचा चेहरा रंगवला. नेल्सन रॉकफेलरने तो बदलायला सांगितला. हवं तर लिंकनही घालतो, पण लेनिन राहणार, असं रिव्हेराचं उत्तर. मे महिन्यात पूर्ण मानधन देऊन त्याला थांबवलं गेलं आणि फेब्रुवारी १९३४मध्ये चित्र भिंतीवरून फोडून काढलं.

पण रिव्हेराने काढलेल्या फोटोंवरून नव्हे, तर सहायक ल्युसिएन ब्लॉखने लपूनछपून काढलेल्या फोटोंच्या आधाराने तेच चित्र त्याच वर्षी मेक्सिको सिटीत पुन्हा उभं राहिलं. मध्यभागी यंत्र चालवणारा कामगार, त्याच्याभोवती एकमेकांना छेदणारे दोन लंबगोल: एकात दुर्बिणीतून दिसणारं विश्व, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखालचं. मोबाइलवर झूम करून बघा, डावीकडे एक नवा माणूस दिसेल. नेल्सनचे वडील, जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर. नाइटक्लबमध्ये, हातात पेला, आणि डोक्यावर सिफिलिससारख्या गुप्तरोगांचे जंतू.

माझा आक्षेप इथे आहे. रिव्हेराचा राग समजतो, पण हा माणूस त्याला कळला नाही.

ज्युनिअर कट्टर बाप्टिस्ट, दारूला आयुष्यात न शिवलेला. त्याच्यावरचा खरा आरोप पेल्यात नाहीच. तो कोलोरॅडोतल्या लडलोत आहे. तिथल्या कोळसा कंपनीत सगळ्यात मोठा वाटा रॉकफेलरांचा होता. युनियनला मान्यता न देणाऱ्या व्यवस्थापकांच्या पाठीशी आपण आहोत, हे ज्युनिअरने संसदीय समितीपुढे सांगितलं, आणि पुढच्या पंधरवड्यातच, २० एप्रिल १९१४ला, मिलिशिया आणि कंपनीच्या रक्षकांनी संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळ्या झाडल्या. तंबू पेटले. एकाच तंबूखालच्या खड्ड्यात २ बायका आणि ११ मुलं गेली.

याच्या आदल्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशन सुरू झालं होतं. त्याच १९१३ साली रॉकफेलरांच्याच पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधन संस्थेत हिदेयो नोगुचीने रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू दाखवून दिला. म्हणजे ज्युनिअरच्या डोक्यावर जे जंतू रिव्हेराने टांगले, ते समजून घ्यायचा खर्चही याच घराण्याने केला होता!

हा पैसा आपल्यापर्यंतही आलाय. करोनात ज्या पुण्याच्या एनआयव्हीचं नाव घरोघरी पोचलं, ती संस्था १९५२मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केली. त्या रिपोर्टची वाट बघणाऱ्या कुणालाही लडलो आठवायचं कारण नव्हतं.

देणगीचं हेच तर काम असतं, असं काही जण म्हणतील: नाव धुऊन काढणं. मला ते अर्धंच पटतं. लस, प्रयोगशाळा, संग्रहालयं खोटी नव्हती. ती खरी होती आणि तंबूही खरे होते. दोन्हींच्या मागे एकच शांत, निर्व्यसनी, प्रार्थना करणारा माणूस होता, आणि कुठे किती द्यायचं हे तोच ठरवत होता. खाणीतल्या माणसांना मात्र आपल्या मजुरीबद्दलही ठरवायचा अधिकार नव्हता.

हे रंगवायला रिव्हेराच्या हातात सूक्ष्मदर्शक होता, अख्खी भिंत होती. त्याने दारुडा रंगवला. दारुड्या शेठजीला हसून आपण मोकळे होतो. सज्जन शेठजीपुढे आपल्याला जे सुचत नाही, ते त्या भिंतीवर दिसायला हवं होतं.