सेंट्रल पार्कमधल्या जबान्या

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तीन वर्षांच्या आत दोन गुन्हे घडले. २६ ऑगस्ट १९८६ च्या पहाटे जेनिफर लेव्हिन या अठरा वर्षांच्या मुलीचा गळा दाबून जीव घेतला गेला. आरोपी रॉबर्ट चेंबर्स, वय १९, गोरा. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री बागेत धावायला गेलेल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या गोऱ्या स्त्रीवर बलात्कार करून तिला मरणाच्या दारात टाकून दिले गेले. आरोपी हार्लेममधली पाच मुले, वय १४ ते १६, चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. शहर तेच, वर्तमानपत्रे तीच. इतकेच नव्हे, सरकारी वकिलांच्या लैंगिक गुन्हे विभागाच्या प्रमुख लिंडा फेअरस्टीन याही दोन्ही प्रकरणांत होत्या. मी कायद्याचा माणूस नाही. आरोप झाल्यानंतर आणि निकाल लागण्याआधी समाज कोणती भाषा बोलतो, एवढेच मला तपासायचे आहे.

चेंबर्सला वर्तमानपत्रांनी ‘प्रेपी’ म्हटले. म्हणजे महागड्या खासगी शाळांत शिकलेला, घरंदाज वळणाचा तरुण. पाच मुलांसाठी शब्द निघाला ‘वुल्फ पॅक’, लांडग्यांचा कळप. मुले ज्याला ‘वाइल्डिंग’ म्हणतात ते करायला बाहेर पडली होती, असे पोलिसांकडून आले आणि तो शब्द मथळ्यांत जाऊन बसला.

हा वर्णाचा नव्हे, वर्गाचा फरक आहे, असे कोणी म्हणेल. पण जोन डिडिअन हिने १९९१ साली ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात एक तपशील दिला आहे: चेंबर्सची आई खासगी परिचारिका होती आणि रात्रपाळ्या करून मुलाला त्या शाळांत शिकवत होती. चेंबर्सच्या नावावर घरफोड्याही होत्या. पुढे त्याने घरफोडीचा एक गुन्हा कबूलही केला. उलट, पाचांपैकी युसूफ सलाम याची आई पार्सन्स या डिझाइनच्या नामांकित संस्थेत शिकवत होती. म्हणजे परिचारिकेचा मुलगा घरंदाज ठरला आणि शिक्षिकेचा मुलगा लांडगा. या वाटणीत पैशाचा हिशेब कुठेच बसत नाही.

डिडिअनचा रोख शहर स्वतःविषयी ज्या भाबड्या कथा रचते त्यांवर आहे, आणि त्या दृष्टीने तिचा लेख आजही अव्वल आहे. विशेष म्हणजे तो लिहिला तेव्हा मुलांना शिक्षा झालेली होती. ती निर्दोष आहेत या गृहीतावर तिने काहीच उभारलेले नाही. मला मात्र यातल्या जबान्या महत्त्वाच्या वाटतात.

दोन्ही प्रकरणांत आरोपींच्या जबान्यांचे व्हिडिओ आहेत. चेंबर्सच्या चेहऱ्यावर ओरखडे होते. ते मांजराचे, असे त्याने आधी सांगितले. मग कॅमेऱ्यासमोर म्हणाला की जेनिफरनेच त्याला इजा केली, आणि तिला दूर करताना ती चुकून मेली. चेंबर्स सव्वासहा फुटांच्या आसपास उंच होता. तरीही या जबानीवर महिनोन्‌महिने गांभीर्याने चर्चा झाली. जेनिफरने मरण ओढवून घेतले अशा अर्थाचा मथळा छापला गेला. बचाव पक्षाने तिची रोजनिशी मागितली, ती न्यायाधीशांनी दिली नाही. ज्युरी नऊ दिवस बसूनही एकमत झाले नाही, तेव्हा तडजोड होऊन चेंबर्सने सदोष मनुष्यवध कबूल केला आणि त्याला ५ ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

पाच मुलांपैकी चौघांच्या जबान्या चित्रित झाल्या, त्याही कित्येक तासांच्या चौकशीनंतर. कोणी काय केले, कुठे केले, याबाबत त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मुलांनी त्या लवकरच नाकारल्या. घटनास्थळी मिळालेला डीएनए पाचांपैकी कोणाचाही नव्हता, आणि हे खटल्यापूर्वी माहीत होते. तरी १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले.

म्हणजे एका आरोपीने स्वतःला वाचवण्यासाठी जे सांगितले त्यात तथ्य असेल का, म्हणून पुरावा चाळला गेला. आणि पाच आरोपींनी स्वतःला अडकवणारे जे सांगितले ते खरेच असणार, म्हणून पुरावा बाजूला ठेवला गेला. चेंबर्सबद्दल प्रश्न विचारला जात होता: असा मुलगा असे कसे करील? मुलांबद्दल प्रश्नच नव्हता, कारण ‘कळप’ या शब्दात उत्तर आधीच आले होते.

घटनेला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, १ मे १९८९ रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी चार वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. जाहिरातीत मुलांची नावे नव्हती. त्यांची गरजही नव्हती, वर्तमानपत्रांनी अल्पवयीन असूनही ती छापलीच होती. चेंबर्स मात्र जामिनावर बाहेर होता, आणि एका पार्टीत बाहुलीचे डोके पिरगाळून विनोद करताना चित्रित झाला.

ही कात्रणे मराठीत टिपून घेताना एक अडचण आली. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम. दुजाभाव नामांत आणि विशेषणांत राहतो. मराठीत तो थेट क्रियापदात उतरतो. आपल्या बातमीत पुढाऱ्यावर आरोप झाला की ‘त्यांनी’ आरोप फेटाळले असे येते; पाकीटमार मात्र पहिल्या ओळीपासून ‘तो’ असतो. पहिल्याच्या बाबतीत ‘आरोप’ हे नाम चालते, दुसऱ्याला चटकन ‘सराईत’ चिकटते. मी टिपणांत सगळ्या आरोपींना ‘तो’ हेच ठेवले आहे.

एक गोष्ट सांगायला हवी. पोलिसांच्या कथेवर पहिल्यापासून अविश्वास दाखवणाऱ्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी जखमी स्त्रीचे नाव छापले. कोर्टाबाहेर तिच्याविषयी अर्वाच्यही बोलले गेले. अविश्वास रास्त होता, पण त्याची किंमत पुन्हा एका स्त्रीनेच मोजली, जशी जेनिफरने मेल्यावर मोजली. त्या वर्षी शहरात बलात्काराच्या आणखी ३,२५४ तक्रारी नोंदल्या गेल्याचे डिडिअन सांगते. त्यांत ब्रुकलिनमधली एक कृष्णवर्णीय स्त्री होती, जिला अत्याचारानंतर चार मजली इमारतीवरून खाली टाकले गेले. तिच्यासाठी पानभर जाहिरात निघाली नाही.

२००२ मध्ये मातियास रेयेस या कैद्याने आपण एकट्यानेच तो बलात्कार केल्याचे सांगितले. डीएनए त्याचाच निघाला. १९ डिसेंबरला पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या, पण तोवर कोणी सहा-सात, तर एकाने जवळपास तेरा वर्षे तुरुंगात काढली होती. पूर्ण शिक्षा भोगून चेंबर्स त्यानंतर दोनच महिन्यांनी सुटला. २०१४ मध्ये शहराने पाचांना सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर दिले. २०१९ मध्ये ट्रम्प यांना त्या जाहिरातीबद्दल माफी मागणार का, असे विचारले गेले. त्यांनी मागितली नाही. त्या मुलांनी गुन्हा कबूल केला होता, असे ते म्हणाले.