नेटवर्क फाईल सिस्टीममधील क्लायंटची विश्वासार्हता : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना : वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या कार्यालयातील संगणक आपल्या फाईली एकाच सर्व्हरवर ठेवत असतील आणि गुणनोंद चालू असताना वीज गेली, तर भरलेले गुण सुरक्षित राहिले काय, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने नेटवर्क फाईल सिस्टीमच्या (एनएफएस) रचनेची चिकित्सा केली आहे.

विवेचन : सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास सादर केलेल्या या रचनेत क्लायंटची स्थिती सर्व्हरने लक्षात ठेवू नये, असे तत्त्व होते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवावी. ही साधेपणाची दृष्टी निश्चितच प्रशंसनीय आहे. परंतु तिने विश्वासार्हतेचा मोठा भार क्लायंटवर टाकला. वाचनाची विनंती दोनदा गेली तरी बिघडत नाही. फाईल पुसण्याची विनंती मात्र पूर्ण होऊन तिचे उत्तर वाटेत हरवले, तर दुसऱ्या वेळी 'फाईल अस्तित्वात नाही' असे उत्तर येते. काम झालेले असूनही ते फसल्याचा निर्वाळा मिळतो.

१९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीने लेखन जलद केले. मात्र माहिती डिस्कवर पोहोचल्याची खात्री होईपर्यंत क्लायंटने ती स्वतःजवळ जपणे आवश्यक ठरले. २०१० मध्ये प्रमाणित झालेल्या ४.१ आवृत्तीत विनंत्यांना अनुक्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखण्याची सोय झाली.

तथापि खरी उणीव वापरात आहे. 'सॉफ्ट' जोडणीत ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट त्रुटी कळवून मोकळा होतो. प्रोग्रामने ती दुर्लक्षिली, तर फाईल अर्धवट राहते. 'हार्ड' जोडणीत तो सर्व्हर परतेपर्यंत वाट पाहतो. थिजलेला पडदा वापरणाऱ्यास दोष वाटतो. वस्तुतः तो प्रामाणिकपणा आहे. शिवाय लेखनातील त्रुटी अनेकदा फाईल बंद करतानाच कळते आणि नेमके तेच उत्तर अनेक प्रोग्राम तपासत नाहीत.

निष्कर्ष : अपयश लपविणारी नव्हे, तर ते वेळेवर मान्य करणारी व्यवस्थाच विश्वासार्ह होय. म्हणून महत्त्वाच्या नोंदींसाठी 'हार्ड' जोडणीच स्वीकारावी आणि फाईल बंद करतानाचे उत्तर तपासण्याची सवय प्रात्यक्षिकांतूनच विद्यार्थ्यांना लावावी.